आंबा पूर्वेला पडणार होता

माझी बोटं आंब्याच्या बुंध्याशी जमिनीला पडलेल्या भेगेत होती आणि ती भेग हलत होती. वारा आला की उघडायची, थांबला की मिटायची. मी हात बाहेर काढला. वर बघण्याची हिंमत झाली नाही.

झाडांची तब्येत तपासणं हा माझा व्यवसाय. चंदीगढमधल्या या म्हाताऱ्या आंब्याला दुसऱ्या दिवशी ‘वारसा वृक्ष’ म्हणून गौरवणार होते. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे मारून झाले होते. पश्चिमेला पक्का स्टेज उभा होता. दिवाळीनंतर त्याचा पाया खणताना जेसीबीने त्या बाजूची जाड मुळं तोडली होती. म्हणजे सत्कारमूर्तीचे पाय कापून खांद्यावर शाल.

मुळं म्हणजे तंबूचे दोर. पश्चिमेचे तुटले की तंबू पूर्वेला कलंडतो. पूर्वेला, छान सावलीत, शाळेच्या मुलांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत होते.

मी खोडात सुईसारखं बारीक ड्रिल घातलं. लाकूड किती विरोध करतं, त्याचा आलेख यंत्र काढतं. खोड आतून ठणठणीत निघालं. त्याने मी जास्तच घाबरले. वजन सगळं जागेवर होतं, धरून ठेवायला कोणी नव्हतं. त्यात नुकत्याच पडलेल्या पावसाने माती मऊ झालेली.

एक्सईएन साहेब आले. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला इकडे असंच म्हणतात.

“मॅडम जी, मोहर बघा. असा कधी धरला नव्हता. हे झाड आजारी?”

“म्हणूनच धरलाय. आमच्या सोलापूरकडे डाळिंबाचं पाणी तोडून बहार धरतात. मुळं गेली की झाड तहानतं, घाबरतं आणि फुलतं.”

“उद्या पडेल असं लिहून द्या.”

“ते कोणीच देणार नाही. पडणार नाही, असं तुम्ही द्या.”

ते स्टेजकडे वळले. “पडलं तर कुठे पडेल?”

“पूर्वेला.”

“पक्का?”

“पक्का.”

“मग काय यार! मंत्रीजी तर पश्चिमेला आहेत.”

हे ते क्रूरपणे बोलले नाहीत. त्यांचा जीव खरोखर भांड्यात पडला होता.

“सर, स्टेजवर ऊन येणार,” मी म्हटलं. “मंत्रीजींचे सोफे पूर्वेला सावलीत घेऊ. मुलं बसतील स्टेजवर.”

त्यांनी एकदा फांद्यांकडे पाहिलं आणि फोन काढला. चहा यायच्या आत कार्यक्रम शेजारच्या सेक्टरमधल्या हॉलमध्ये गेला. मैदानाला दोरी लागली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बटण दाबून कोनशिलेचं अनावरण झालं. झाड उभंच होतं. त्यानंतरही ते उभंच राहिलं. “तुमचा पेशंट कसा आहे?” एक्सईएन साहेब भेटतील तिथे विचारत आणि बाकीचे हसत. मीही हसायचे. मग हळूच जाऊन भेग बघून यायचे. आता तिच्यात मनगट जात होतं.

एका दुपारी, पान हलत नसताना, आंबा मुळासकट पूर्वेला आडवा झाला. खाली फक्त हिरवळ होती. स्टेजला ओरखडाही गेला नाही.

साहेबांनी माझ्याकडून अहवाल मागवला. ‘वादळामुळे’ हा शब्द त्यांनीच सुचवला, मी तो घातला नाही.

आता माझ्या प्रत्येक अहवालात झाड कोणत्या दिशेला पडेल ते असतंच. शिवाय त्या दिशेला कोणाची खुर्ची आहे, तेही मी लिहिते. अहवाल तिथूनच वाचला जातो.