अर्धी कापलेली अक्षरं

इंग्लंडात एका पडक्या मठाशेजारच्या संग्रहालयात लेकीनं मला काचेखालचं चामड्याचं पान दाखवलं. हजार वर्षांपूर्वीच्या एका सॅक्सन सरदाराचं मृत्युपत्र. जमीन बायकोच्या हयातीपर्यंत तिची, नंतर मठाची. मठातल्या साधूंनी त्याच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करायची.

"बाबा, वरच्या कडेची अक्षरं अर्धीच आहेत. फाटलं असेल का?"

मी आयुष्यभर तालुक्याच्या कचेरीबाहेर दस्त लिहिले. म्हटलं, "फाटलं नाही, मुद्दाम कापलंय. एकाच पानावर मजकूर दोनदा लिहिला असणार, दोन्हींच्या मध्ये ठळक अक्षरं काढली असणार आणि त्या अक्षरांवरूनच सुरी चालवली असणार. एक तुकडा मठाला, एक घरच्यांना. वाद झाला की जुळवून बघायचं. आम्ही नाही का दोन पानांच्या जोडावर सही घेत, अर्धी इकडे, अर्धी तिकडे?"

खालच्या पाटीवरही तेच होतं. सरदाराचं नाव होतं, मठाचं होतं, लिहिणाऱ्याचं नव्हतं. लेक हळहळली.

मला वाईट वाटलं नाही. दुसरा तुकडा आज कुणी आणून लावला, तरी रेघेला रेघ मिळेल. आमच्या धंद्यात एवढी सही पुरते.