नानांची बाज आणि माझे ग्राहक हक्क

गेल्या उन्हाळ्यात मी वडिलांसाठी ऑनलाइन बाज मागवली आणि आमचं मांजर सुखी झालं.

आई गेल्यावर नाना चोपड्याहून जळगावला, आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. जेवण पसंत, नातवंडं पसंत, फक्त गादी नापसंत.

"बापू, या फोममां मी बुडी जास," ते म्हणायचे. "मले बाज पाहिजे. नहीतर मी चालनू चोपड्याले!"

धमकी पोकळ नव्हती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती!

मलाही चोपड्याचं अंगण आठवलं. उन्हाळ्यात पाणी शिंपडून तिथे ओळीने बाजा टाकायचे. सातपुड्याकडून वारं यायचं. आम्ही सगळी भावंडं एकाच बाजेवर घुसायचो आणि झोळात घरंगळून एकमेकांच्या अंगावर पडायचो. बाज सैल झाली की नाना सुतळी आवळायला बसायचे. आई दोरीचं टोक धरायची. (आणि सूचना द्यायची. सूचना जास्त!)

तर मी मोबाईलवर बाज शोधली. फोटो काय होता! हिरवंगार लिंबाचं झाड, खाली बाज, मागे विहीर. लगेच मागवली. (मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. 'ग्राहक हक्क' माझा आवडता धडा. घेण्याआधी माल नीट पाहावा, असं मी मुलांना घसा फोडून सांगतो. मी मात्र झाड पाहिलं!)

खोकं आलं ते चपलांच्या खोक्याचा थोरला भाऊ शोभेल असं.

"सुटे भाग असतील," मी म्हणालो. जोडणी केली. बाज माझ्या पोटरीलाही पोचेना.

नाना चष्मा लावून बघत राहिले. "बापू, हाई कोनासाठे शे?"

उत्तर मांजराने दिलं. उडी मारून वर चढलं, अंगाचं वेटोळं केलं आणि झोपलं.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, ती पाळीव प्राण्यांचीच बाज आहे. वर्णनात अगदी शेवटी लिहिलंय. परत करायची तर आताचा फोटो पाठवा."

फोटो काढला. त्यात मांजर. उठवलं, पुन्हा काढला. पुन्हा मांजर! शेवटी तसाच पाठवला. उत्तर आलं: 'वापरकर्ता समाधानी दिसत आहे. वापरलेला माल परत घेता येणार नाही.'

मी पेटलो! परत फोन.

"तुमचा फोटो दिशाभूल करणारा आहे! असा माल परत घ्यावाच लागतो! तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्या! मी इथे जळगावातच ग्राहक आयोगात जाईन, त्याला वकीलसुद्धा लागत नाही!"

बायको आतून ओरडली, "अहो, हळू! झोपमोड होईल!"

"नानांची?"

"मांजराची!"

आणि काय सांगू, कायदा चालला! माफी आली, माल परत न्यायला माणूसही आला. मी ऐटीत त्याला गॅलरीत नेलं. तिथे नाना मांडी घालून बसलेले. बाजेची सगळी वीण उसवलेली. एकीकडे चौकट, एकीकडे दोरीचा ढीग, मध्ये रुसलेलं मांजर.

"नाना, हे काय केलं?"

"विनेल बराबर नव्हतं. मांजरले कंबर शे का नही?"

त्या माणसाने एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा मोबाईलकडे. "काका, हे फोटोशी जुळत नाही," म्हणाला आणि निघून गेला!

मी डोक्याला हात लावून खाली बसलो. नानांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर. तुनी माय धरे, तशी."

मी दोरी धरली. कितीतरी महिन्यांनी नाना शीळ घालत होते.

मांजराची बाज पुन्हा ताठ विणून झाली. मग सुताराकडून माणसाच्या मापाची चौकट करून आणली. नानांनी ती विणली, मी ओढत राहिलो, बायकोने सूचना दिल्या. दुपारी नाना गॅलरीत असे घोरले, की खालचा वॉचमन विचारायला आला. दाराजवळची पिशवी बायकोने गुपचूप रिकामी केली.

एके दिवशी बाज मोकळी दिसली म्हणून मीही हौसेने आडवा झालो आणि थेट झोळात गेलो. हात वर, पाय वर, उठता येईना! शेवटी नानांनीच एका हाताने मला उपसून काढलं. कंबरेत अशी उसण भरली, की दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत खुर्चीवर टेकता येईना. 'ग्राहक हक्क' उभ्यानेच, विव्हळत शिकवला.

मुख्याध्यापक दारातून बघत होते. नंतर सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "शिकावं यांच्याकडून! ग्राहकाचं दुःख सांगताना डोळ्यांत पाणी होतं हो!"