शिसवाचा चँटर

सुट्टीवर निघायच्या सकाळी पाइप मेजर हवालदार साळुंखेंनी माझा प्रॅक्टिस चँटर माझ्याच बोटांवर हाणला. बोटं वाचली, चँटर चिरला. वर मलाच म्हणाले, "सरकारी सामान मोडलंस. येताना नवा घेऊन ये, मार्च पाठ करून ये. नाहीतर बँड सोड आणि लंगरमध्ये कांदे सोल."

पासष्टचा उन्हाळा होता. पलटण पंजाबात होती आणि मी तिच्या पाइप बँडमध्ये शिपाई होतो. पाइप बँड म्हटलं की आमच्याकडच्या लोकांना वरातीतले लाल कोटवाले आठवतात, म्हणून सांगतो. चँटर म्हणजे बॅगपाइपची भोकं असलेली, सूर काढायची नळी. प्रॅक्टिस चँटरला पिशवी नसते. तोंडाने फुंकायचा आणि बोटं बसवायची. पायपरचा निम्मा जन्म त्यावरच जातो. ही वस्तू माझ्या गावी, पिंपळगाव राजाला सोडाच, खामगावातही मिळत नाही. साळुंखेंना ते ठाऊक होतं, म्हणूनच ते तसं बोलले. साळुंखे सातारकडचे. मिशा उत्तम, कान भिकार. एक सूर ते कायम चढा लावत आणि सगळ्या बँडला त्या चुकीशी जुळवून घ्यावं लागे.

माझ्यासोबत सुट्टीवर शिपाई शेख मन्सूर होता. तोही पायपर, रोहिणखेडचा. घराणं खराद्यांचं. खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, सगळं खरादीवर कातायचं. मन्सूरचं जगात कोणाबद्दलच चांगलं मत नव्हतं, म्हणून आमचं जमायचं.

"कायले तोंड पाडून बसला बे वामन्या?" गाडीत तो म्हणाला. "लाकडाची नळीच हाय ते. अब्बाच्या खरादीवर काढून देतो. त्या मिशीवाल्याले काय समजते?"

घरी दोन दिवस राहून मी रोहिणखेडला गेलो. मन्सूरचे वडील युसूफचाचा यांनी चिरलेला चँटर उलटसुलट पाहिला.

"हे फुकायचा पगार देते सरकार तुमाले?"

"हाव, चाचा."

"लाटणं तरी पोळीच्या कामी येते," ते म्हणाले आणि शिसवाचे दोन वाळलेले तुकडे मन्सूरच्या पुढ्यात फेकून निघून गेले.

खरादीचा पट्टा ओढायला मी बसलो. एकाने पट्टा आलटूनपालटून ओढायचा, लाकूड फिरतं, दुसऱ्याने पटाशी लावायची. पहिला तुकडा मन्सूरने आधी बाहेरून छान गोल केला आणि मग आत लांब गिरमिट घातलं. गिरमिट निम्म्यावर गेलं आणि बाजूने बाहेर आलं.

"तुह्या ओढण्यानं झालं. जेवला नाई का?"

"गिरमिट कोणाच्या हातात होतं?"

त्याने तो तुकडा चुलीत घातला. दुसऱ्या वेळी आधी आरपार भोक पाडलं, दोन्ही टोकांकडून, आणि मग त्या भोकावर लाकूड धरून बाहेरची बाजू कातली. तापवलेली सळई आतून फिरवली, नळीतून धूर आला. बोटांची भोकं जुन्या चँटरशेजारी ठेवून आखली. सात वर, एक खाली अंगठ्याचं. जुन्याची रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पात, काढून नव्यात बसवली. मी फुंकलं. कुत्र्याने कण्हावं तसा आवाज आला.

मन्सूरने स्वतःचा चँटर काढला. तो एकेक सूर धरायचा, मी माझा धरायचो. जो सूर उतरलेला लागे त्याचं भोक तो कानशीने वरच्या अंगाला जरासं वाढवी. एक भोक जास्तच वाढलं. तिथे मेण लावलं. शेवटी जवसाचं तेल पाजून चँटर सावलीत टांगला. चाचा आले, त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

"पालिश नीट नाई," एवढंच म्हणाले.

उरलेली सुट्टी मी रोज मळ्यात बसून मार्च घोटला. बायका वाट बदलून जात.

पलटणीत परतल्यावर साळुंखेंनी चँटर हातात घेतला. "कुठला?"

"रोहिणखेडचा, उस्ताद."

त्यांनी फुंकला, तोंड वाकडं केलं. "गुराख्याची बासरी." मी त्यावर मार्च वाजवून दाखवला. एकही बोट चुकलं नाही. त्यांनी मिशी चाटली आणि दुसऱ्याकडे वळले. मागे मन्सूर हळूच म्हणाला, "गुराख्यालेबी कान असते."

सप्टेंबरात लढाई लागली. वाद्यं पेट्यांत घालून मागे ठेवली आणि बँड स्ट्रेचर उचलायला पुढे गेला. पलटणीचा रिवाजच तो. गावात हे सांगितलं की लोक विचारतात, "मंग बंदूक नोती का?" गोळीबारात जखमी माणूस उचलणं यांना हमाली वाटते. अशांना मी उत्तर देत नाही.

दुपारची वेळ होती. वायरलेसवर आवाज आला, "स्ट्रेचर पार्टी, फॉरवर्ड. वन कॅजुअल्टी. ओव्हर." उसाच्या पलीकडे एक लान्स नाईक मांडीत गोळी लागून पडला होता. पुढचे दांडे मन्सूरने धरले, मागचे मी.

"उस्तादापेक्षा जड हाय बे हा," मन्सूर म्हणाला.

गोळा डावीकडे पडला. मन्सूर दमल्यासारखा खाली बसला. पोट धरून बसला.

मागच्या नाल्यातून साळुंखे वाकून पळत आले. त्यांनी पुढचे दांडे धरले. "उचल."

"उस्ताद, मन्सूर..."

"आधी हा. त्याला मी आणतो. उचल."

लान्स नाईकाला आम्ही डॉक्टरच्या खंदकात पोचवलं. साळुंखे तसेच मागे वळले. मी निघालो तर म्हणाले, "तू थांब. ऑर्डर आहे." मन्सूरला खांद्यावर घेऊन ते उसातून बाहेर पडताना मला दिसले. तेवढ्यात दुसरा गोळा आला. मारा थांबल्यावर आम्ही गेलो. मन्सूर त्यांच्या खांद्यावरच होता.

लान्स नाईक जगला.

पुढच्या सुट्टीत मी रोहिणखेडला गेलो. चाचांनी खराद थांबवली.

"कोणं आणलं त्याले?"

"साळुंखे उस्ताद आणायले गेले होते. दोघंबी तिथंच राह्यले."

"मिशीवाला? ज्याले हा शिव्या द्यायचा?"

"हाव, चाचा. तोच."

त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. मग म्हणाले, "गाव कोणतं त्याचं?"

"सातारकडं. लय दूर हाय."

"यष्टी जाते ना?"

"जाते."

"मंग चाल."

चाचा बुलढाण्यापुढे कधी गेले नव्हते. रस्ताभर त्यांनी प्रत्येक यष्टीला आणि प्रत्येक गावच्या चहाला नावं ठेवली. साळुंखेंच्या दारात मात्र त्यांनी आधी चपला काढून कडेला ठेवल्या. साळुंखेंची बायको उंबऱ्यात उभी होती. "बाई," ते म्हणाले, "तुमचे मालक माह्या पोराले आणायले गेले होते." बोली वेगळी होती, पण तिला समजलं. तिने आम्हाला आत घेतलं, जेवू घातलं.

निघताना तिने मला विचारलं, "वाजवायचे कसे हो ते? आम्ही कधी ऐकलंच नाही."

चाचा माझ्याकडे पाहत होते. मन्सूरचं मत त्यांनी ऐकलेलं होतं.

"वहिनी, सगळी पलटण त्यांच्या तालावर चालायची," मी म्हणालो. "कधी पाऊल चुकू दिलं नाही त्यांनी."

ते खरं होतं. ताल पक्का होता. कानाचं तिने विचारलं नाही.

पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर नावं रँकप्रमाणे कोरलेली आहेत. हवालदार साळुंखे वर, शिपाई शेख मन्सूर बरंच खाली, मध्ये पुष्कळ नावं. तिथे गेलो की आधी मी ही दोन नावं एका दमात घेतो, मग बाकीची.