ग्रहणाची हाळी

जुन्नरच्या पेठेत सूर्याला ग्रहण लागले की आमच्या घरचे एक माणूस टोपली घेऊन निघत असे. सूर्याला गिळणारा राहू आमच्या जातीचा, असे गाव मानते. म्हणून ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी आम्ही द्यायची, लोकांनी अंग चोरून वरून दाणे नि जुनी लुगडी टाकायची, म्हणजे सूर्य सुटतो. चार आळ्या आमच्या वाट्याच्या होत्या. एका ग्रहणाला जरी आमचे कोणी गेले नाही, तरी त्या आळ्या चुलत्याच्या घराकडे जाणार होत्या.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो. माझ्याआधी आमच्या घरात कोणाला अक्षर येत नव्हते. सुटीत घरी आलो तेव्हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या गोष्टींचे एक इंग्रजी पुस्तक नुकतेच वाचले होते. त्यांतली एक जमात म्हणते की काळी खार सूर्य कुरतडते, म्हणून ग्रहण लागते. मग सगळे गाव, बायापोरांसकट, भांडी बडवून तिला हाकलते. ही गोष्ट मी वडिलांना मोठ्या आशेने सांगितली. राहूसुद्धा अशीच एक कल्पना आहे, हे त्यांना पटेल असे मला वाटले असावे.

वडील तापाने पडून होते, घसा पार बसला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“मंग तितं खारीच्या जातीचं कोण हाय?”

कोणीच नाही, मी म्हणालो.

“बरं हाय राव त्यांचं,” म्हणून ते कुशीवर वळले.

आई दोरासाठी वाख वळत होती. तिला मी दुसरी गोष्ट सांगितली. तिकडच्या एका मोठ्या नदीकाठचे लोक म्हणतात, आधी रात्र नव्हतीच. एका नव्या नवरीला झोप येईना, तेव्हा तिने बापाकडून फळाच्या कवटीत बंद केलेली रात्र मागवली. आई म्हणाली, त्या पोरीला सासरी लई काम असणार. एवढेच बोलून ती पुन्हा वळू लागली.

दोन दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमारास ग्रहण लागले. मला कोणी जा म्हटले नाही. आईने टोपली दाराशी आणून ठेवली, इतकेच. मी जाईन, पण ओरडणार नाही, लोकांना समजावून सांगेन, असे मी म्हणालो. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

पहिल्या आळीत मी नुसताच उभा राहिलो. कालेजात वरडायला शिकवत नाहीत का, असे एकाने विचारले आणि ओटे हसले. मला चंद्राच्या सावलीचे सांगायचे होते. शब्द पाठ केले होते, पण मी तसाच पुढे निघालो.

पुढे एका सराफाच्या दारात त्याची म्हातारी आई सूप भरून वाट पाहत होती. तिच्याशी मी कसेबसे बोलायला लागलो. सावलीचे सांगितले, खारीचे सांगितले. तिकडे सगळेच भांडी वाजवतात, दान कोणी मागत नाही, हेही सांगितले.

“तिकडचं तिकडं,” ती म्हणाली. “आत माझी सून पोटुशी हाय. दोन पोरं गेलीत तिची. तू आधी हाळी दे, बाबा.”

ती मला हिणवत नव्हती. हिणवले असते तर मी टोपली तिथेच टाकून परतलो असतो. त्या बाईच्या भीतीपुढे माझे सगळे शिक्षण तोकडे पडले.

मी हाळी दिली. दिली ती पहिल्या आळीत परत जाऊन चारही आळ्यांतून, शेवटच्या दारापर्यंत दिली. ऊन पुन्हा पडले तशी माणसे अंघोळीला पळाली. रस्त्यात मी एकटा राहिलो.

घरी आलो तर वडील उठून बसले होते. माझा आवाज त्यांना अंथरुणात ऐकू आला होता.

“मला वाटलं व्हतं तू परक्याचा झालास,” ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना इतके खूश पाहिले.

संध्याकाळी आईने टोपलीतल्या दाण्यांच्या भाकरी केल्या. मला भूक लागली होती. मी तीन खाल्ल्या.