वाळ्याच्या पडद्याजवळची खाट

अनुसया सिस्टर भित्री होती, आणि ही गोष्ट रामदासपेठेतल्या त्या इस्पितळात फरशी पुसणाऱ्यांपासून ट्रस्टींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. लहानपणी उमरेडला बापाच्या हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायलाही ती घाबरायची. कुत्र्याला भ्यायची, विजेला भ्यायची, आणि बाप, जागेश्वर कोष्टी, नुसता खाकरला तरी तिच्या हातातली सुताची कांडी खाली पडायची. अशा मुलीनं नर्स व्हावं, हा खरं तर विनोदच. पण लुगड्यांची मागणी उतरली, घरचे माग एकेक करून बंद पडले आणि बापानं तिला नागपूरला नर्सिंग शिकायला धाडलं. जातभाईंनी नाकं मुरडली. 'लोकाइची घाण काढनारी पोरगी, इले करीन कोन?' करणारा मिळाला. सदरला औषधाच्या दुकानात कामाला असलेला ताराचंद. माणूस गार डोक्याचा, बायकोची थट्टा करणारा, पण तिच्या भीतीला कधी वेडेपणा न म्हणणारा.

तिची भीती पोटातून सुरू व्हायची. एखाद्या बाईच्या खाटेजवळून जाताना बेंबीमागे काहीतरी आवळून यायचं आणि पाय तिथेच थांबायचे. काय बिघडलंय ते तिला सांगता यायचं नाही. मग ती नाडी बघायची, जीभ बघायची, पापणी ओढून बघायची, आणि बऱ्याचदा काही निघायचंच नाही. तरी ती मोठ्या बाईंना बोलावून आणायची. मोठ्या बाई म्हणजे डॉक्टर नीलाबाई. इस्पितळाच्या मागच्या बंगलीत राहायच्या. हाताला यश होतं आणि जिभेला धार होती.

एकदा तर अनुसयानं कहरच केला. ऑपरेशन झालेल्या एका म्हातारीच्या तोंडातून लाल ओघळ आलेला पाहून ती 'रक्ताची उलटी' म्हणत धावत सुटली. मोठ्या बाई जेवणावरून उठून आल्या. म्हातारीनं तोंड उघडलं तर आत सुनेनं चोरून आणलेलं पान. वॉर्डातल्या बायका टाके दुखेपर्यंत हसल्या. मोठ्या बाई हसल्या नाहीत. "अनुसया," त्या म्हणाल्या, "भीती वाटली तर आधी तिला विचारत जा, की बाई गं, तू खरी आहेस का." त्या दिवसापासून वॉर्डात तिला 'पानवाली सिस्टर' म्हणू लागले. तीही हसायची. पण आता पोटात आवळून आलं की लगेच तोंडाला कुलूप लागायचं. पुन्हा पान निघालं तर?

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पंचफुला.

त्र्याहत्तर सालचा मे महिना. नागपूरचा मे ज्यानं काढलाय त्याला त्याचं वर्णन सांगायला नको, आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावलेला असायचा. आया जनाबाई त्यावर डबड्यानं पाणी मारायची आणि बाहेरची लू त्या ओल्या वाळ्यातून गार होऊन आत यायची. त्या पडद्याजवळच्या दोन खाटांसाठी बायकांचे नातेवाईक भांडायचे. त्यातली एक अनुसयानं आपल्या अधिकारात पंचफुलाला दिली होती, कारण हुडकेश्वरहून ती बैलगाडीत, उन्हात, कळा सोसत आली होती आणि सकाळी बाळ झाल्यावर पहिला शब्द बोलली होती तो 'उकडते जी' हा.

पंचफुला शेतकऱ्याघरची, विशीतली, पहिलटकरीण. मुलगा झाला होता. नवरा महादेवराव बाहेर कडुलिंबाखाली बसला होता आणि खाटेशी सासू होती, तुळजाबाई. धडधाकट, कामसू, सुनेला जीव लावणारी बाई. तिनं सुनेचं पोट घरच्या जाड सुती धडप्यानं घट्ट बांधून टाकलं होतं. बाळंतिणीचे कपडेही ती स्वतःच बदलायची, कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. मधूनच अनुसयानं विचारलं, "आजी, रक्त किती जाते?"

"जाते तेवढंच जाते जी," तुळजाबाई म्हणाली. "तुमी कायले त्रास घेता? एकच कपडा बदलला म्या."

दुपार चढली. वॉर्ड पेंगला. अनुसया फेरी मारत पडद्याजवळ आली. पंचफुला डोळे मिटून पडली होती. चेहरा शांत, कपाळावर बारीक घाम. अनुसयानं तिचा हात हातात घेतला. हात गार होता. नागपुरात, मे महिन्यात, भर दुपारी, गार आणि ओला.

पोटात आवळून आलं.

"मस्त झोपली पोरगी," तुळजाबाई कुजबुजली. "थंडी हवा लागून राहिली ना तिले. आता हात नका लावू जी, झोपमोड होईन."

अनुसयानं वाळ्याच्या पडद्याकडे पाहिलं. ओला पडदा, गार वारा, दमलेली पोर. सगळं कसं जिथल्या तिथे बसत होतं. ही खाट आपणच तर दिली तिला. मोठ्या बाई नुकत्याच बंगलीवर जाऊन आडव्या झाल्या असतील. त्यांना उठवून काय सांगायचं, की बाईसाहेब, वाळ्याच्या पडद्याजवळ गार लागतंय? तिनं तो हात हळूच चादरीवर ठेवला आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

पुढची खाट रुखमाबाईची. तीही पडद्याजवळचीच, किंबहुना वारा तिला जास्त लागायचा. रुखमाबाई गप्पिष्ट, पाचवी खेप, बाळंतपणाला सरावलेली. तिचा हिवताप कालच उतरला होता, तरी नेमाप्रमाणे अनुसयानं तिच्या काखेत थर्मामीटर लावलं आणि नाडी बघायला मनगट धरलं.

मनगट ऊन होतं. कोरडं होतं.

"काय झालं वं सिस्टर?" रुखमाबाई म्हणाली. "भूत पाह्यल्यासारखं काहून करता?"

वारा तोच. पडदा तोच. मग ही गरम आणि ती गार कशी?  आता भीतीला विचारायची गरजच राहिली नव्हती. रुखमाबाईचं थर्मामीटर तसंच काखेत ठेवून ती परत फिरली.

"पंचफुला! ए पंचफुला!"

"अवं झोपू द्या नं तिले!" तुळजाबाई मध्ये आली. अनुसयानं आयुष्यात कोणाला ढकललं नव्हतं. तिनं तुळजाबाईला खांद्यानं बाजूला सारलं. पंचफुलाची पापणी खाली ओढली. आतली लाली पार गेली होती, नुसता पांढरा रंग. नाडी सापडेना. सापडली तेव्हा ती इतकी बारीक आणि इतकी पळत होती की मोजायच्या आत निसटत होती. तिनं पोटावरचा धडपा ओढून सोडला. आतलं पोट मऊ लागलं आणि बेंबीच्या वर फुगलं होतं. अंगाखालचा कपडा लाल झालेला होता, पण तेवढ्यानं असं होत नाही, हे तिला कळत होतं. बाकीचं रक्त कुठे गेलं?

"आजी, कपडे कुठं आहेत?"

तुळजाबाई खाटेच्या आणखी जवळ सरकली.

"आजी, पोरगी मरून राहिली तुमची! कपडे कुठं टाकले?"

तुळजाबाईनं खाटेखाली हात घातला आणि एक गाठोडं पुढे सरकवलं. फाटक्या लुगड्यात बांधलेलं. अनुसयानं उचललं तर ते जड होतं. एक नव्हे, सकाळपासूनचे सगळे कपडे त्यात कोंबलेले होते.

"इथं कसे फेकू जी?" तुळजाबाई रडायला लागली. "मोठ्या सुनेचा कपडा असाच कोनी उचलला, करनी केली, तिची कूस बंद झाली. हे मी घरी नेऊन गाडनार होतो. माह्या नातवाले कोनाची नजर नको म्हनून." आणि मग, एकदम लहान होऊन, "म्या काय केलं वं बाई?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. जनाबाई डबडं हातात घेऊन उभी होती. "जनाबाई, पळ! मोठ्या बाईंना उठव. दार नाही उघडलं तं दगड मार. सांग, पान नाही म्हनावं, रक्त आहे."

जनाबाई पळाली. अनुसयानं एक हात पंचफुलाच्या पोटावर दाबला आणि गर्भाशय चोळायला सुरुवात केली, शिकवलं होतं तसं, जोर लावून, गोल गोल. रुखमाबाई काखेतल्या थर्मामीटरसकट उठून आली होती. तिला पायाकडची बाजू उचलून धरायला लावलं. तुळजाबाईनं त्या बाजूच्या पायांखाली कोपऱ्यातल्या विटा सरकवल्या. हाताखाली पोट कडक झाल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा सैल पडायचं. सैल पडलं की अनुसयाला आपणच खड्ड्यात चाललोय असं वाटायचं. नाव माहीत असलेल्या सगळ्या देवांना ती हाका मारत होती. तिला रडू येत होतं, पण पोटावरचा हात मात्र थांबत नव्हता. हे तिला स्वतःलाही नंतर खरं वाटलं नाही.

"पंचफुला, बोल माझ्याशी. बाळाचं नाव काय ठेवशील? बोल ना!"

पंचफुलाचे ओठ हलले नाहीत.

मोठ्या बाई आल्या त्या अनवाणी, मे महिन्याच्या तापलेल्या अंगणातून, केस मोकळे. त्यांनी एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा गाठोड्याकडे.  इंजेक्शन गेलं. दोन्ही हातांना सलाईन लागलं, त्यातल्या एका हाताची शीर इतकी आटली होती की सुई पुन्हा पुन्हा घालावी लागली. "हात काढू नको," एवढंच त्या अनुसयाला म्हणाल्या. बाहेर महादेवराव रक्त द्यायला आधी कचरला, अंगातलं बळ जाईल म्हणून. तेव्हा तुळजाबाईनं त्याच्या दंडाला धरून त्याला आत ओढलं. "माह्या हातून गेलं तेवढं रक्त भरून दे गा पोरा," ती म्हणाली. त्याचं रक्त जुळलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा कधीतरी अनुसयाच्या तळव्याखालचं गर्भाशय कडक झालं आणि कडकच राहिलं. मोठ्या बाईंनी तिचं मनगट धरून हात उचलला, कारण तो तिला स्वतःला उचलता येत नव्हता. बोटं वाकडी होऊन अडकली होती. "जा, पाणी पी," त्या म्हणाल्या. अनुसया वॉर्डाबाहेर गेली, नळाखाली डोकं धरलं आणि हुंदके देत रडली. रुखमाबाईचं थर्मामीटर दुसऱ्या दिवशी सतरंजीखाली फुटलेलं सापडलं.

पंचफुला वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ओठांना जराशी लाली आली होती. तुळजाबाई नातवाला घेऊन बाहेर गेली होती. अनुसया नाडी बघायला आली तशी पंचफुलानं तिचा हात धरला.

"बाई, मले सारं ऐकू येऊन राह्यलं होतं जी."

"काय ऐकू येत होतं?"

"काल. सासू म्हने, मस्त झोपली. मी झोपली नव्हती. डोळे उघडत नव्हते, जीभ उचलत नव्हती. आंगातून सारं चालू पडलं होतं अन् मले सांगता येत नव्हतं कोनाले." ती थांबली. श्वास घ्यायला तिला अजून कष्ट पडत होते. "मंग तुमचा हात लागला. मी म्हटलं, या बाईले समजलं. आता ही काही करीन. अन् तुमी माहा हात चादरीवर ठेवला अन् गेल्या."

 पडद्यावर मारलेलं पाणी खाली परातीत ठिबकत होतं.

"तुमच्या चपलांचा आवाज दूर जाऊन राह्यला होता," पंचफुला म्हणाली. "तितकं भेव मले आजवर कधीच वाटलं नव्हतं."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, तक्रारही नव्हती. घडलं तसं ती सांगत होती. अनुसया खाटेच्या कडेवर बसली. पेशंटच्या खाटेवर बसायला सिस्टरांना सक्त मनाई होती, तरी बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मलाही भीती वाटली होती पंचफुला. मी तिचं ऐकलं नाही."

"आता झोप येऊन राह्यली," पंचफुला म्हणाली. "पन झोपाचंच भेव वाटते. मी झोपली अन् साऱ्याइले वाटलं, बरी आहे, तं?"

"तू झोप. मी आहे."

पंचफुलानं डोळे मिटले. अनुसयाची ड्यूटी संपली, दुसरी सिस्टर आली, वॉर्डात चहाची किटली फिरून गेली. ताराचंद फाटकापाशी सायकल घेऊन उभा आहे असा निरोप आला. ती उठली नाही. मनगट तिच्या बोटांत होतं, नाडी संथ चालली होती, हात ऊन होता. सगळं ठीक होतं, आणि तरी तिच्या पोटात पुन्हा आवळून आलं.

"पंचफुला," तिनं वाकून हळूच विचारलं, "ऐकू येते का वं?"

उत्तर यायला क्षणभर वेळ लागला. तेवढ्यात अनुसयाचा दुसरा हात तिच्या पापणीकडे गेला.

"येते जी," पंचफुला डोळे न उघडता म्हणाली. "जाऊ नका."