एका बोटाचा आस

धक्क्यामागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून ती एकेचाळीस वर्षं जाळी विणत आली. गल्ली तिला सुईकाकू म्हणायची. खरं नाव टपालवाल्याला तेवढं ठाऊक. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड गाठ मारता येत नव्हती. सासऱ्यांनी तिच्या हातात सुई आणि चार बोटं रुंदीची लाकडी पट्टी दिली. पट्टीवरून दोरा फिरवून गाठ मारली की जाळ्याचं भोक तेवढंच पडतं. या भोकाला आस म्हणतात. म्हातारा मिश्कील होता. आस मोठा ठेवला की आस टिकते, म्हणायचा. लहानसहान मासे निसटून जायचे आणि मोठे होऊन त्याच जाळ्यात यायचे.

सासरे गेले, मासेही कमी यायला लागले. मासे कमी झाले तर आस बारीक करावा, असं धक्क्यावरचं शहाणपण. आधी तीन बोटं झाली, मग दोन. शेवटी तिचा धाकटा दीर, ज्याची स्वतःची होडी होती, तो एका बोटाची पट्टी तासून घेऊन आला. यात तर पिल्लंही अडकतील, ती म्हणाली. आपण सोडली तर शेजारचा धरणारच, असं त्याचं म्हणणं. तिनं विणून दिलं. हातावर पोट असलेल्याला तत्त्वं परवडत नाहीत, हे खरं. पण तिचं पोट काही त्या एका जाळ्यावर अडलं नव्हतं, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

त्या खाडीत ठिपकी नावाचा मासा एकेकाळी उदंड होता. शेपटीजवळ काळा ठिपका म्हणून ठिपकी. वीतभर वाढल्याशिवाय ती अंडी घालत नाही. आधी टोपल्या भरून यायची, मग चार-दोन, मग नुसती बोलण्यात उरली. कारणं ज्याच्या त्याच्या तोंडी होती: वरच्या कारखान्याचं पाणी, धक्का वाढवताना उपटलेली लव्हाळी, जिथं ती अंडी घालायची, आणि दरवर्षीचा वाढता उन्हाळा. सगळी खरीच होती. सुईकाकूला मात्र स्वतःचे हात दिसायचे.

मग मत्स्यखात्यातल्या एक बाई आल्या. ही शेवटची पाहणी, त्या म्हणाल्या. ठिपकीचं एक जरी पिल्लू मिळालं तर खाडी मासेमारीला बंद करून तिला वाचवता येईल; नाहीतर नावावर फुली. त्यांचं यंत्रावरचं जाळं दगडांत फाटलं होतं. करंगळीही जाणार नाही असं मजबूत जाळं हातानं विणणारी आता सुईकाकू एकटीच उरली होती.

सतरा दिवस ती विणत राहिली. पिल्लू अडकावं असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं. अगदी देव पाण्यात घालून बसली होती म्हणा ना.

जाळं ओढायला दीर आला. खाडी बंद झाली तर त्याचीच होडी कोरडी पडणार होती. त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. तीन दिवसांत एकोणीस ठिकाणी जाळं टाकलं. शेवाळ आलं, बाटल्यांची बुचं आली, भलत्याच माशांची नखाएवढी पिल्लं आली. बाई एकेक पिल्लू तळहातावर उलटंपालटं करून पाण्यात सोडत होत्या. ठिपका एकावरही नव्हता. शेवटच्या खेपेनंतर त्यांनी वही मिटली आणि धक्क्यावर वाट बघत बसलेल्या सुईकाकूकडे न बघता पिशवी आवरायला घेतली.

दीर ओलं जाळं धरून तसाच उभा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "आस अजून बारीक हवा होता का?"

"नाही भावजी. यातून पाण्याशिवाय काही सुटलं नसतं."