साळूबाईची कावीळ

हिर्डोशीच्या साळूबाईकडे कावीळ उतरवायला पार घाटाखालून माणसं यायची. रोग्याचे हात ती चुन्याच्या पाण्यात चोळायची. पाणी पिवळंधमक झालं की तिचा नवरा गेनू ते ओढ्यापलीकडं नेऊन ओतायचा. ओतणाऱ्यानं दिवस कलेपर्यंत तोंड उघडायचं नाही, नाहीतर कावीळ परत फिरते, असा तिचा दंडक. गेनूला तो जड गेला नाही. साळूबाईच्या घरात त्याला एरवीही बोलायची पाळी येत नसे.

एकेचाळीस साली कावीळ तिलाच झाली. तिनं आपले हात आपणच चोळले, गेनूनं पाणी टाकलं. डोळे मात्र हळदीचे ते हळदीचेच. बरगडीखाली कळ अशी, की बाई दुमडून जायची. शेवटी भावकीनं तिला डोलीत घालून भोरला नेलं आणि तिथून मोटारीनं पुण्याच्या दवाखान्यात.

"पित्ताच्या नळीत खडा अडकलाय," डॉक्टर म्हणाले.

"खडा?" साळूबाई कण्हत उसळली. "माज्या भातात कदी कुणाच्या दाताखाली खडा आला न्हाई, आन् माज्याच पोटात?"

"हा तांदळातला नव्हे, बाई. काही वर्षांमागं इतक्या पिवळ्या माणसाला मी सुरी लावली नसती. रक्त थांबायचंच नाही. आता त्यावर इंजेक्शन आलंय."

ऑपरेशन झालं, खडा निघाला. पित्ताच्या वाटेत रबरी नळी ठेवून तिचं टोक कुशीतून बाहेर काढलं आणि खाटेला बांधलेल्या बाटलीत सोडलं. साळूबाई अजून गुंगीत होती. डॉक्टरांनी नर्स सुगराला बजावलं, "बाटलीवर नजर ठेव. कोरडी पडली तर नळी निसटली म्हणायची. मग पोट पुन्हा उघडावं लागेल."

सकाळी साळूबाईनं डोळे उघडले, ते थेट बाटलीवर. बाटलीत हिरवट पिवळं पाणी!

"आवं, उतरली की! बघताय काय? पान्यापल्याड टाकून या. आन् त्वांड मिटून!"

गेनू दवाखान्यामागच्या नाल्यापलीकडं जाऊन बाटली रिकामी करून आला आणि जागच्या जागी बांधून ठेवली. तेवढ्यात डॉक्टर आले. बाटली पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"थेंबसुद्धा नाही? सुगरा, रात्री होतं ना?"

"निम्म्याच्या वर होतं, साहेब!"

"नळी निसटली. टेबल तयार करा."

गेनूनं साळूबाईकडं पाहिलं. तिनं डोळे वटारले. बोलला तर कावीळ परत फिरणार. न बोलला तर सुरी परत फिरणार. दाराशी स्ट्रेचर आलं तसा गेनू उंबऱ्यातच आडवा पडला.

"म्या टाकलं! नाल्यापल्याड! तिला पुन्यांदा चिरू नगा!"

"बोल्लात?" साळूबाई किंचाळली. "घात केलात! आता फिरती बगा माघारी!"

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. स्ट्रेचर दाराशीच थांबलं. सगळ्यांचे डोळे बाटलीवर लागले. गेनू मनात म्हणत होता, येऊ नको. डॉक्टर म्हणत होते, ये बाई, ये.

नळीच्या टोकाशी पिवळा थेंब लोंबला. टपकला. मागोमाग दुसरा.

"आली!" डॉक्टर खुशीनं ओरडले.

"आली गं बया!" म्हणत गेनूनं डोकं धरलं.

सुगरा भोरचीच. तिनं हसू दाबून गेनूला उठवलं. "मामा, ती आत चालली का भाईर?"

गेनू वाकला. बराच वेळ बघत राहिला. "भाईर..."

"मग माघारी कशी फिरली? रोज मी मोजते, मग तुमी टाका. साहेब, चालंल?"

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "पण नाल्याचं कशाला—"

"नाल्यापल्याडच," साळूबाई खाटेवरून म्हणाली. "तुमचं काम तुमी केलं न्हवं? मग हे आमाला करू द्या."

डोळे पांढरे झाल्यावर ती गावी परतली. पाराशी कुणी विचारलं, कावीळ उतरवली कुणी? साळूबाईनं पदर खोचला.

"म्याच. डागदरानं निस्ती वाट करून दिली."

"आन् सुरी माघारी फिरली न्हाई ती म्या बोल्लो म्हून," गेनू म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो जो बोलायला लागला, तो काही थांबला नाही.